पेंढा कोणी काढला

शनिवारी सकाळी पावणेआठ वाजता विल्फ ग्रिमशॉ उत्तरेकडच्या गोलसमोर घसरून पडला. विल्फ हा रॉथेनशॉ टाऊन फुटबॉल क्लबचा माळी. सारा जन्म त्याच गवतावर चाललेला माणूस. तो उठला, गुडघे झटकले आणि ऑफिसच्या दारात येऊन म्हणाला, "आर्नल्ड, बाहेर ये जरा. आणि जपून चाल, पोरा."

आर्नल्ड हेस्केथ क्लबचा मॅनेजर होता. सामना असेल त्या दिवशी तो लवकर येई आणि चहाचा पहिला कप संपेपर्यंत कुणाशी बोलत नसे. कप हातात घेऊनच तो बाहेर पडला.

मैदान कडक होतं, पण खेळण्याजोगं होतं. दक्षिणेकडच्या गोलसमोर, जमीन गोठू नये म्हणून गुरुवारी पसरलेला पेंढा जसाच्या तसा होता. उत्तरेकडे मात्र पेंढ्याची काडी नव्हती. गोलपासून पेनल्टीच्या ठिपक्यापर्यंत काचेसारखा बर्फ चढला होता. काढलेला पेंढा मागच्या भिंतीला नीट रचून ठेवलेला होता, एखाद्या शेतकऱ्याने गंज रचावी तसा.

"तू काढलास?" हेस्केथने विचारलं.

"काल अंधार पडताना मी गेलो तेव्हा जागेवर होता. मी कशाला काढू? आणि पेंढा काढला तरी एवढा बर्फ होत नाही. इथे पाणी पडलंय."

साडेआठला गावातला पंच आला. त्याने बुटाची टाच बर्फावर दोनदा आपटली, चेंडू टाकून पाहिला आणि मान हलवली. सामना रद्द.

एरवी जानेवारीत सामना रद्द होणं ही बातमी नव्हे. पण १९७७च्या त्या जानेवारीत रॉथेनशॉ लीगच्या सगळ्यात खालच्या, चौथ्या विभागात तळाशी होतं आणि त्या दिवशी येणारं ब्रॅकनहोम जेमतेम त्यांच्या वर. मोसमअखेर खालच्या चार क्लबांना लीगपुढे हात जोडून उभं राहावं लागे: आम्हाला ठेवून घ्या. जून महिन्यात लंडनला बाकीचे क्लब मतदान करत. रॉथेनशॉ आधी दोनदा असं उभं राहिलं होतं. तिसऱ्यांदा कुणी दया दाखवेल असं गावात कुणालाच वाटत नव्हतं. लीगमधून नाव गेलं की क्लब संपला, आणि हेस्केथही.

त्यात ब्रॅकनहोमचे सहा खेळाडू फ्लूने अंथरुणात होते. ते पोरंसोरं घेऊन येणार होते. असा सामना पुन्हा मिळत नाही.

नऊ वाजता ब्रॅकनहोमचा मॅनेजर लेन वॉर्डल याचा फोन आला.

"ऐकलं ते खरं का रे, आर्नल्ड? अरेरे! आमची बस निघायच्या बेतात होती."

"तुला कुणी सांगितलं?"

"पंचाने लीगला कळवलं, लीगने आम्हाला. बातमी काय पायाने चालते होय? बरं, आता एप्रिलमध्येच जमेल म्हणतात. तोवर आमची पोरं खडखडीत होतील. तुझ्याकडे सगळे बरे आहेत ना?"

हेस्केथने फोन ठेवला. लेनच्या आवाजात दुःख नव्हतं, हे समजण्यासारखं होतं. पण त्यात आश्चर्यही नव्हतं, आणि तिथे हेस्केथच्या मनात पाल चुकचुकली. लेन वॉर्डलची धाकटी बहीण मॉरीन ही डेन्झिल ऑग्डनची बायको. आणि डेन्झिल ऑग्डन रॉथेनशॉचा कप्तान.

डेन्झिल बचावफळीच्या मधोमध खेळणारा, वय चौतीस, जन्मभर एकाच क्लबात. गावातल्या बायका त्याला रस्त्यात थांबवून त्याच्या आईची तब्येत विचारत. सकाळीच कुणी सांगितलं असतं की डेन्झिल दगा देईल, तर हेस्केथने त्याला हाकलून दिलं असतं.

दुपारी तो समोरच्या 'वीव्हर्स आर्म्स' या पबमध्ये गेला. सामना नव्हता तरी लोक सवयीने आले होते. गल्ल्यामागे डोरीन ग्लास पुसत होती.

"तुमच्या क्लबला विजेचं बिल येत नाही वाटतं," ती म्हणाली. "काल रात्री आम्ही बंद करत होतो तरी कपडे बदलायच्या खोलीत दिवा. मी म्हटलं, आता तरी सराव करतायत बिचारे."

"कोण होतं?"

"मला काय दिसतंय इथून? डेन्झिलची गाडी होती बाहेर, एवढं पाहिलं. ती हिरवी." मग तिने हेस्केथच्या चेहऱ्याकडे पाहिलं. "का हो? काही झालं का?"

"काही नाही. अर्धा ग्लास भर."

सोमवारी सराव संपल्यावर त्याने डेन्झिलला मागे थांबवलं. आडवळणाने विचारायचं त्याने ठरवलं होतं, पण ते त्याला जमत नसे.

"शुक्रवारी रात्री कुठे होतास?"

डेन्झिल बुटाची नाडी सोडत होता. त्याचे हात क्षणभर थांबले. "घरी. का, बॉस?"

"सहज."

"मॉरीनला विचारा हवं तर," डेन्झिल हसत म्हणाला. हेस्केथ हसला नाही.

ऑफिसात बसून तो विचार करत राहिला. माणूस खोटं बोलला होता, यात शंका नव्हती. कपडे बदलायच्या खोलीची किल्ली चौघांकडे होती: तो स्वतः, विल्फ, क्लबचे अध्यक्ष टॅटरसॉल आणि कप्तान. खोलीत रबरी नळी होती. मेव्हण्याची टीम आजारी होती. आणखी काय हवं?

तरी तो टॅटरसॉलकडे गेला नाही. टॅटरसॉलचा गाद्यांचा कारखाना होता आणि शहाणपण सांगायची हौस होती. शिवाय त्याच आठवड्यात ते म्हणाले होते की हा सामना एप्रिलच्या उजेडात, दिवस मोठा झाल्यावर झाला असता तर बरं, लोक तरी आले असते. तेव्हा हेस्केथने ते कानाआड केलं होतं. आता ते वाक्य त्याला शब्दन्शब्द आठवलं. विल्फही आठवला. पाणी पडलंय, हे पहिल्यांदा विल्फनेच सांगितलं होतं. चोर आधी ओरडतो म्हणतात.

त्याने खोलीचं आणि मैदानाच्या फाटकाचं कुलूप बदललं. किल्ली एकच ठेवली, आपल्या खिशात. विल्फला रोज सकाळी फाटकाशी उभं राहून त्याची वाट पाहावी लागे.

"तीस हिवाळे मी हे दार उघडलं," विल्फ एकदा म्हणाला. "आता भिकाऱ्यासारखा उभा राहतो. लोक माझ्या टोपीत पैसे टाकतील एक दिवस."

"थोडे दिवस, विल्फ."

"पोरा, गवताला थोडे दिवस कळत नाहीत."

संघ कोणता खेळणार हे शुक्रवारी फळ्यावर लागत असे. हेस्केथने ते बंद केलं. नावं तो शनिवारी दुपारी, सामन्याच्या थोडं आधी सांगू लागला. कॉर्नरच्या वेळच्या खुणा त्याने बदलल्या आणि त्या फक्त तीन खेळाडूंना सांगितल्या. त्या तिघांत कप्तान नव्हता. पोरांनी आधी चेष्टा केली. गोलकीपर म्हणाला, "बॉस, मी खेळतोय का हे मला तरी सांगाल, की पेपरात वाचू?" सगळे हसले. पुढे चेष्टा थांबली. चौथ्या विभागात कौशल्य बेताचंच असतं; संघ तगतो तो एकमेकांवर ओरडण्याच्या हक्कावर. फेब्रुवारीत रॉथेनशॉचे खेळाडू एकमेकांवर ओरडेनासे झाले. कोण कुणाबद्दल काय सांगतो, हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

डेन्झिल मात्र खेळत राहिला. थोडा हळू वळे. उंच चेंडूला पूर्वीसारखा उडी मारत नसे. हेस्केथ कडेच्या बाकावरून पाही आणि प्रत्येक चूक मनात जमा करी. दमलेला माणूस आणि मुद्दाम चुकणारा माणूस लांबून सारखेच दिसतात. हेस्केथला ते माहीत होतं. तरी त्याला एकच दिसत होता.

ब्रॅकनहोमचा सामना एप्रिलमध्ये, एका मंगळवारी संध्याकाळी झाला. त्या वेळी दोन्ही क्लबांचे गुण सारखे होते. सामन्याच्या तासभर आधी हेस्केथने नावं वाचली. डेन्झिलचं नाव नव्हतं.

डेन्झिल एक मोजा घालून बसला होता.

"बॉस, मी चुकीचं ऐकलं का?"

"नाही."

"कारण?"

"तुला माहीत आहे."

"नाही माहीत, देवाशप्पथ. सांगा ना, सगळ्यांसमोर सांगा."

"मेव्हण्यासमोर तुला उभं करून तुझी परीक्षा नको," हेस्केथ म्हणाला.

ते ऐकून डेन्झिलचा चेहरा आधी कोरा झाला. मग अर्थ उमगला तसा कानापर्यंत लाल झाला. त्याने मोजा काढला, त्याची घडी घातली, बाकावर ठेवली आणि तो कोट घालून निघून गेला.

रॉथेनशॉ एका गोलने हरलं. कॉर्नरवरून, उत्तरेकडच्या गोलमध्ये. डेन्झिलच्या जागी उभा असलेला खेळाडू आणि गोलकीपर दोघंही त्याच चेंडूला गेले आणि दोघंही गप्प होते. "माझा!" असं ओरडायचं काम बारा वर्षं डेन्झिलने केलं होतं.

मोसम संपला तेव्हा रॉथेनशॉ खालून चौथं होतं. त्यांच्या वर, दोनच गुणांनी, ब्रॅकनहोम.

मेच्या मध्यात विल्फने गोलसमोरची माती खणायला घेतली. त्या वर्षी उत्तरेकडे चिखल फार झाला होता, ही त्याची तक्रार होती आणि ती कुणी ऐकली नव्हती. दोन फूट खाली सांडपाण्याचा जुना पाइप लागला. तो गोलच्या अगदी मागे उभा तडकलेला होता. प्लंबरने कपडे बदलायच्या खोलीतल्या आंघोळीच्या मोठ्या हौदात पाणी भरलं आणि बूच काढलं. थोड्याच वेळात गोलसमोरची माती ओली झाली, मग तिथे तळं साचलं.

"हे घ्या तुमचं पाणी," प्लंबर म्हणाला.

हेस्केथ त्या तळ्याकडे पाहत उभा राहिला. शुक्रवारी हौद भरत नसत. आदल्या दिवशीचा सराव हलका असे, पोरं घरी जाऊन आंघोळ करत. म्हणजे त्या रात्री कुणीतरी एकट्याने खेळाडूंचा आख्खा हौद भरला होता.

तो तसाच डेन्झिलच्या घरी गेला. मॉरीनने दार उघडलं. आत या म्हणाली नाही, पण बाजूला झाली. डेन्झिल स्वयंपाकघरात पाय खुर्चीवर ठेवून बसला होता. उजवा गुडघा कलिंगडाएवढा सुजला होता.

"केव्हापासून?" हेस्केथने विचारलं.

"नाताळपासून. गरम पाण्यात तासभर बुडवला की दोन दिवस वाकतो. आमच्या टबात मी मावत नाही."

"त्या शुक्रवारी तू हौदात होतास."

"बऱ्याच शुक्रवारी होतो. तुम्ही कुलूप बदललंत तोवर."

"मग 'घरी' का म्हणालास?"

"गुडघा दुखतो म्हणालो असतो तर तुम्ही बाहेर बसवलं असतंत." डेन्झिलने खांदे उडवले. "नाही सांगितलं, तरी बसवलंतच."

मॉरीनने किटली आदळली. "माझ्या भावाचं नाव मध्ये आणलंत तुम्ही, सगळ्या पोरांसमोर. पाच महिने हा माणूस रात्री जिना बसून उतरतोय, तुमच्या क्लबासाठी. दगा म्हणे!"

हेस्केथला बरंच काही बोलायचं होतं. चुकलो, एवढंच तो बोलला, आणि तेही टेबलाकडे पाहून. डेन्झिलने मान हलवली. मान्य केलं की नुसतं ऐकलं, ते कळलं नाही. मग हेस्केथने तो प्रश्न विचारला. विचारू नये हे त्याला बोलता बोलताच समजत होतं, पण जीभ थांबली नाही.

"आणि पेंढा?"

"कसला पेंढा?"

"पाणी पाइपातून आलं, मान्य. पण पेंढा असता तर विल्फ म्हणतो एवढं गोठलं नसतं. तो कुणीतरी हाताने उचलून भिंतीला रचला होता."

डेन्झिलने सुजलेला पाय खुर्चीवरून खाली घेतला.

"बॉस," तो म्हणाला, "तुम्ही माफी मागायला आलात, की उरलेलं विचारायला?"

मॉरीनने मागचं दार उघडून धरलं.

जूनच्या पहिल्या गुरुवारी टॅटरसॉल लंडनच्या गाडीत बसले. मतदान शुक्रवारी होतं. गाडी सुटायच्या आधी हेस्केथने खिडकीशी उभं राहून त्यांना विचारलं, त्या रात्री तुम्ही मैदानावर गेला होतात का? टॅटरसॉल म्हणाले, "आर्नल्ड, माझ्या बॅगेत आज अठ्ठेचाळीस क्लबांची मनधरणी आहे. पेंढा नाही." हे उत्तर झालं का, यावर तो स्टेशनपासून मैदानापर्यंत विचार करत आला.

फाटकाशी विल्फ उभा होता. त्याच्या हातात संध्याकाळचा पेपर होता. मागच्या पानावर चार ओळी होत्या: डेन्झिल ऑग्डन पुढच्या मोसमापासून ब्रॅकनहोमला लेन वॉर्डलचा मदतनीस म्हणून जात आहे.

"वाचलंस?" विल्फने विचारलं.

"वाचलं."

"आता काय म्हणशील? आधीपासून तिकडचा होता, की तू धाडलास?"

विल्फने पेपराची घडी करून बगलेत मारली.

"थंडीसाठी पेंढा आत्ताच सांगून ठेवावा लागतो," तो म्हणाला. "शेतकरी विचारतोय. सांगू?"

"उद्या कळेल."

"मग किल्ली तरी दे. पाणी मारायचंय."

हेस्केथने खिशातून किल्ली काढली. विल्फने हात पुढे केला. हेस्केथने कुलूप स्वतःच उघडलं, किल्ली पुन्हा खिशात टाकली, आणि विल्फ पाणी मारून होईपर्यंत तो फाटकात उभा राहिला.