खालची ओळ

वाल्मिकनं फळा तिसऱ्यांदा ओल्या फडक्यानं पुसला. ओला असेपर्यंत तो काळाभोर दिसे. वाळू लागला की मधोमध एक ओळ उठून येई. गेल्या आषाढात फळा ओला असतानाच त्यानं ती घाईत लिहिली होती. खडू रुतला तो रुतलाच.

वाचनालयाच्या दारातल्या या फळ्यावर तो बावीस वर्षं रोज सकाळी बातम्या लिहीत आला होता.

सरपंच पुंजारामनं मोटरसायकल बंद न करताच हाक मारली.

"वाल्मिकराव, पोरं पळवनाऱ्या टोळीचा मेसेज परत फिरतोय. आज फळा कोराच ऱ्हाऊ द्या."

"मेसेज खोटा आहे. ठाण्यात फोन करून विचारलंय. तेच लिहितो."

"खोटा म्हनून लिवा, न्हाईतर खरा म्हनून. लोक वाचायचं तेच वाचत्यात. गेल्या साली काय झालं, इसरलात?"

"गेल्या वर्षी मी दोन्ही ओळी लिहिल्या होत्या, सरपंच. टोळी आल्याची चर्चा. आणि खाली, खात्री झालेली नाही. ठरवायचं वाचणाऱ्यानं."

"ठरवलं की मग." पुंजारामनं बाजारतळाकडं एकदा पाहिलं आणि गाडी वळवली.

त्या दिवशी बाजारतळावर गावानं चादरी विकणाऱ्या एका माणसाला टोळीतला समजून दगडांनी ठेचून मारलं होतं. तेव्हापासून पोलिसांना, बायकोला, स्वतःला वाल्मिक एकच सांगत होता: दोन्ही ओळी लिहिल्या होत्या.

आज पुन्हा बाजार. साडेनऊच्या जामखेड गाडीनं त्या माणसाचा भाऊ अजिनाथ चादरींचं गठुडं घेऊन येणार होता. काल फोनवर त्यानं एवढंच विचारलं होतं, "येऊ का?" वाल्मिक "या" म्हणाला होता.

त्यानं दोन ओळी लिहिल्या. दुसरी, मेसेज खोटा असल्याची, पहिलीइतक्याच मोठ्या अक्षरात.

"काय लिवलंस रं वाल्मिका?"

देवळापुढचं झाडून आलेली कडूबाई खराटा टेकवून उभी होती. तिला वाचता येत नसे. बातमी ती त्याच्याकडून ऐके आणि घरोघर पोचवी. गाव तिला रेडिओ म्हणे.

"मुलं पळवणाऱ्या टोळीचा मेसेज पुन्हा फिरतो आहे," वाल्मिकनं वाचलं. त्याची नजर रस्त्याकडं गेली. गाडी दिसत नव्हती. कडूबाईनं खराटा उचलला.

"थांब आत्या. अजून आहे."

"आजून?" ती वळली. "गेल्या साली तर येवढंच हुतं."

"नाही. खाली ओळ होती. खात्री नाही म्हणून."

"खाली वळ हुती?"

वाल्मिकनं ओलं फडकं मुठीत धरलं.

"मला तर म्हनलास, टोळी आलीय म्हनत्यात. तेवढ्यात गाडी आली, आन् पेपरचा गठ्ठा घ्यायला पळालास."

फडक्यातलं पाणी त्याच्या चपलेवर ठिबकत होतं.

"म्या तसंच सांगत गेले," कडूबाई म्हणाली. "पार बाजारतळापतुर. थितं दगुड म्याबी उचलला." तिनं उजवा हात उघडून पाहिला आणि पदराखाली घेतला.

वळणावर हॉर्न वाजला. फळा वाळत आला होता. नव्या अक्षरांमागून जुनी ओळ वर येत होती: टोळी आल्याची चर्चा. एकच.

"वाच आता सगळं," ती म्हणाली. "म्या निघालेच."

वाल्मिकनं खालच्या ओळीवर बोट ठेवलं आणि तिथूनच सुरुवात केली.