आलेले सात, उचललेले सात

आमच्या साखर कारखान्यात मी फोन घेते त्या टेबलावर टेलिफोनचं नवं कन्सोल बसलं. पहिल्याच रिंगला ते स्वतः फोन उचलून ‘कृपया थांबा’ म्हणतं.

त्या दुपारी एकच नंबर सात वेळा आला आणि मी बोलायच्या आत दर वेळी कट झाला. माझं डोकं फिरलं. मीच उलटा फोन लावला. “काय चेष्टा लावलीय?”

“ताई, मी मिसकॉल देतोय, अन् तुमी उचलताय!” ऊसतोड टोळीचा मुकादम कारभारी ओरडला. “दोनच रुपये बॅलन्स हाय. उसाची ट्रॉली उलटलीय, टोळीतली कडूबाई तिच्याखाली हाय. जेसीबी धाडा!”

जेसीबी धाडला. पहिल्या मिसकॉलला वीस मिनिटं उलटली होती. स्क्रीनवर हिरव्या अक्षरांत झळकत होतं: आलेले कॉल सात, उचललेले सात.