खिडक्यांचं खोपट

कैरोल्लाची खाणीत कायमची रात्रपाळी, आणि इमारतीत दिवसभर ड्रिलचा घरघराट. सगळ्या बिऱ्हाडांनी एकाच उन्हाळ्यात लाकडी खिडक्या काढून प्लास्टिकच्या बसवायचं मनावर घेतलं होतं. झोपेवाचून त्याचे डोळे इतके खोल गेले की मुकादमाने विचारलं, "आज तू आलायस, की वडिलांना पाठवलंयस?"

शेवटी कचऱ्याशेजारी टाकलेल्या त्याच खिडक्या त्याने गाडीवर लादल्या, शहराबाहेरच्या आपल्या बागेत नेल्या आणि बटाट्याच्या वाफ्यांपलीकडे खोपट उभं केलं. फळ्या पुरल्या नाहीत, म्हणून भिंतीही खिडक्यांच्याच झाल्या. आत एक खाट, एक स्टूल. कुदळ-फावडी बाहेर पावसात, कैरोल्ला आत.

तो आडवा झाला. काचेवर टकटक.

"अरे, ही आमच्या स्वयंपाकघराची!" तिसऱ्या मजल्यावरचा गेनादी बाहेरून नाक चिकटवून उभा. "हा तडा बघ. सासूने कढई फेकली होती. मी वाकलो नसतो तर काच वाचली असती."

आलेल्याला चहा न देता झोपणं कैरोल्लाच्या सात पिढ्यांत कुणाला जमलं नव्हतं. चहा झाला. दुसऱ्या दिवशी गेनादी बायकोला घेऊन आला. त्या खिडकीशी बसल्याशिवाय तिला म्हणे बटाटे सोलवेनात. मग बाकीचेही आपापल्या खिडकीला भेटायला येऊ लागले, दवाखान्यात यावं तसे. काहींनी पडदे आणले, पण ते उघडेच ठेवायचे या अटीवर.

सगळ्यांत चिवट तळमजल्यावरची म्हातारी कुल्याश आपा. ती पहिल्या बसने यायची आणि आपल्या खिडकीखाली, म्हणजे त्याच्या खाटेवरच, बसायची. रीतीप्रमाणे तो तिला अर्धाच प्याला ओतायचा. अर्धा म्हणजे बसा, अजून मागा. भरलेला म्हणजे प्या आणि निघा.

एका शुक्रवारी त्याने काठोकाठ भरला. त्याच्या आजोबांनी हे आयुष्यात एकदाच केलं होतं, आणि त्यापायी दोन गावांतल्या सोयरिकी मोडल्या होत्या.

आपाने प्याल्याकडे पाहिलं. "कळलं. निघते. माझी खिडकी काढून दे."

"आपा, ती काढली तर छप्पर खाली येईल."

"येऊ दे. तुला माझी भीड नाही, मग मी तुझ्या छपराची काळजी का करू?"

कैरोल्लाने किटली खाली ठेवली. "आपा, मला फक्त झोपायचंय हो."

"मग तसं सांगायचं की, मेल्या! रोज चहा कशाला पाजतोस? रात्रभर उठून उठून माझे गुडघे गेले." ती खाटेवरून उठून स्टुलावर बसली. "झोप. मी आहे खिडकीशी. तळमजल्यावर जन्म गेलाय माझा, येईल त्याला काचेतूनच परत पाठवते."

तो आडवा झाला. फाटकाशी गेनादी दिसला. आपाने खिडकीतली लहान झडप उघडली आणि ओरडली, "हळू बोल रे! कैरोल्ला झोपलाय!"

"मी कुठे बोललो?" गेनादी ओरडला.

"बरं नाही का त्याला?" पलीकडच्या बागेतून कुणीतरी विचारलं.

"बरा आहे! नुसता दमलाय!"

बागांच्या रांगेच्या टोकाला पोचेपर्यंत ही बातमी बरीच गंभीर झाली, आणि तिकडून माणसं विचारपूस करायला निघाली.

कैरोल्लाने डोळे न उघडताच किटलीकडे हात लांबवला.