सरकारचा वाटा, लोकरीसकट

बिश्केकमधल्या आमच्या ऑफिसात मला सगळे बुरुल एजे म्हणतात. एजे म्हणजे थोरली बहीण. हिशेब माझ्याकडे, चहा माझ्याकडे, आणि मेंढी कापली की वाटपही माझ्याकडेच. वय अठ्ठावन्न. ही नोकरी गेली तर मला दुसरीकडे दारात तरी कोण उभं करणार?

आणि जायचीच वेळ आली होती. आमची कंपनी मेंढ्यांच्या गळ्यातले पट्टे बनवते. मेंढी कुठे चरतेय ते मालकाला फोनवर दिसतं. उन्हाळ्यात मंगोलियाला ऐंशी लाख सोमचे, म्हणजे आमच्या चलनातले, पट्टे विकले. एर्मेक, आमचा साहेब, नाचायचाच काय तो बाकी होता. मग थंडी पडली, बॅटऱ्या मेल्या आणि पन्नास लाखांचा माल परत आला. पैसे परत करावे लागले.

आमच्या टेक्नॉलॉजी पार्कात कंपनीने परदेशातल्या विक्रीचा शंभरामागे पाच असा वाटा सरकारला द्यायचा, मग बाकीचे कर माफ. कर खात्याचं पत्र आलं, 'ऐंशी लाखांवर चार लाख शुक्रवारपर्यंत भरा, नाहीतर पार्काबाहेर व्हा.' बाहेर झालो की सगळे कर, म्हणजे दाराला कुलूप आणि नऊ माणसं घरी. खात्यात जेमतेम दोन लाख होते.

"करवाल्या साहेबाला जेवायला बोलावू," एर्मेक म्हणाला. "पट्टे तपासायला पाळलेली चाचणीची मेंढी कापा."

बुधवारी सकाळी मेंढी कापली. कापण्याआधी सवयीने वजन केलं, साठ किलो भरली. दहाला कर खात्याचा साहेब, कुबानिच, आला. एकोणतीस वर्षांचा पोरगा, सूट असा कडक की बसताना मोडेल. वह्या चाळल्या आणि मान हलवली.

"एजे, विक्री ऐंशीची आहे."

"अरे बाळा, पन्नास परत गेले ना! हातात तीसच आहेत."

"हातात काय उरलं ते सरकार बघत नाही. विकलं किती, तेवढंच बघतं."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. पण पाहुणा तो, काय बोलणार? मी स्वयंपाकघरात निघून गेले.

मागोमाग एर्मेक आला. "एजे, कमरेचं हाड त्याला द्या."

आमच्याकडे प्रत्येकाचं हाड ठरलेलं. कमरेचं मोठं हाड पंगतीतल्या सगळ्यात वडील माणसाचं, आणि आज ते होते आमचे पहारेकरी जुमाबाय आता, म्हणजे जुमाबाय आजोबा, वय चौऱ्याहत्तर.

"वा रे वा! आयजीच्या जिवावर बायजी उदार! आतांचा मान उचलून त्या पोराला देऊ?"

"मग सरकारला काय द्यायचं?"

"सरकारला सरकारच्या नियमाने देते," मी म्हटलं. "तू जाऊन बस."

साठ किलोंवर शंभरामागे पाच म्हणजे तीन किलो. तराजू काढला आणि मोजलं. थाळी भरली, वरून फडकं झाकलं आणि कुबानिचपुढे ठेवली. त्याने फडकं उचललं. लोकरीचा पुंजका, दोन खूर, एक शिंग, पोटातलं अर्धवट चघळलेलं गवत, आणि कोपऱ्यात मांसाचा एक तुकडा.

एर्मेकचा चेहरा पांढराफटक. पाहुण्याचा अपमान! माझ्या आईने हे पाहिलं असतं तर मला घराबाहेर काढलं असतं. पण तोंड थांबेना.

"बरोबर तीन किलो आहे साहेब. शिजायला किती उरलं ते मी बघितलंच नाही. मेंढी केवढी होती, तेवढंच बघितलं."

कुबानिचचे कान लाल झाले. तो उठणार, इतक्यात जुमाबाय आतांनी सुरी उचलली. आपल्या हाडावरचा सगळ्यात चांगला तुकडा कापला आणि हाताने त्याच्यापुढे धरला. वडीलधाऱ्याने आपल्या वाट्यातलं दिलेलं आमच्याकडे कुणी नाकारत नाही. त्याने दोन्ही हातांनी घेतलं.

"खा पोरा," जुमाबाय आता म्हणाले. "ही बाई तिखट आहे, पण खोटी नाही. वाटा मागावा तो शिजलेल्यातला. तुझ्या आजोबांनी कधी कुणाकडे लोकरीतला घास मागितला होता का?"

कुबानिच खाली मान घालून खात राहिला. मग एकदम फस्सकन हसला, आणि हसता हसता त्याला ठसका लागला. मीच पाणी दिलं. जाताना रिवाजाप्रमाणे उरलेलं मांस पिशवीत बांधून दिलं. लोकरीचा पुंजका त्याने स्वतःच उचलला.

"हा ऑफिसात दाखवतो," म्हणाला.

गुरुवार गेला. एर्मेक माझ्याकडे बघायलाही तयार नव्हता. शुक्रवारी चारला पत्र आलं. मी चष्मा पुसून पुसून तीनदा वाचलं. 'परत आलेला माल विक्रीत धरता येत नाही. तीस लाखांवर दीड लाख भरावेत.' एर्मेकने मला उचललंच. अठ्ठावन्न वर्षांच्या बाईला! मी रडत रडत त्याच्या पाठीत धपाटा घातला.

खाली आणखी एक ओळ होती. पाहुणचारात मिळालेल्या वस्तूची नोंद अधिकाऱ्याला करावी लागते. तरी दिलेल्या मांसाचं वजन कळवावं, आणि ते लोकरीसकट की लोकरीविना तेही लिहावं.

मी पेन घेतलं आणि एकच शब्द लिहिला. शिजलेलं.