संत प्रिस्कोची ऊबदार भिंत

भिंतीपुढे पाय ठेवायला जागा नव्हती. डोंगरावर अजून बर्फ होतं, चर्चमध्ये बोटं गारठत होती आणि वेदीमागची ती एकच भिंत मात्र ऊबदार! बायका तिला गाल लावून रडत होत्या.

"संत प्रिस्कोचा श्वास आहे हा!" साधू काल्लिस्तो ओरडत होता. "इथं आजार वितळतो! ज्याला घेरी येते, त्याला संतानं उचलून घेतलं समजा!"

घेरी रोज कोणाला ना कोणाला येतच होती. आली की बुवाच्या मेणबत्त्यांचा खप वाढे.

मी या गावचा डॉक्टर. रडणाऱ्या मूर्ती पाहिल्या, घाम फुटणारे खांब पाहिले. दरवेळी समजावलं, दरवेळी शिव्या खाल्ल्या. खरं सांगतो, या वेळी गप्पच बसणार होतो. पण शेजारची कार्मोझिना म्हणाली, शुक्रवारी ती आपल्या लेकीला, नुन्झिएल्लाला, दिवसभर त्या भिंतीशी निजवणार आहे. सात वर्षांची पोर, छाती आधीच कमजोर.

"नको नेऊस तिला," मी तिच्या स्वयंपाकघरात बसून म्हणालो.

"मग तुमच्या औषधानं बरी करा की!"

 माझी नजर चुलीकडे गेली. धुराडं चौकोनी, पोकळ रोमन विटांचं होतं. आमच्याकडे त्यात नवल नाही. रोमन बादशहांच्या काळातलं इथलं न्हाणीघर गाव पिढ्यान्‌पिढ्या ओरबाडत आलंय. संगमरवर जाळून चुना केला, विटांची घरं आणि डुकरांची खुराडी बांधली, उरलेल्या भिंतींवर चर्च चढवलं.

"या विटा कुठल्या गं?"

"बाबांनी चर्चमागून काढून आणल्या. का?"

मी विटेला हात लावला. चांगली तापली होती. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

शुक्रवारी मी भिंतीपुढे घसा फोडला. "अहो, ही न्हाणीघराची भिंत आहे! खाली भट्टी पेटवायची, गरम हवा या पोकळ विटांतून वर सोडायची. रोमन लोक अशीच खोली तापवायचे! आत्ता खाली कोणीतरी कोळसे पेटवलेत. त्यांच्या विषारी वायूला ना रंग ना वास. फटींतून तो आत येतो, म्हणून घेरी येते! मागे चला, दाखवतो!"

"काय डॉक्टर, गिऱ्हाईक तुटलं वाटतं?" लोहार आन्सेल्मो म्हणाला. सगळे खो खो हसले.

"आई, डोकं दुखतंय," नुन्झिएल्ला पुटपुटली आणि तिची मान कलली.

"संतानं हाक मारली!" बुवा गरजला.

मी पोरीला उचलायला धावलो, तर दोघांनी मला धरून ठेवलं.

तेवढ्यात संताच्या श्वासाला वास सुटला. लसूण, बडीशेप आणि भाजलेलं डुकराचं मांस.

ईस्टरआधीच्या उपासातला शुक्रवार होता. आन्सेल्मोनं नाक वर केलं. "सॉसेज?"

"अगं बाई!" म्हातारी बोनिफाचा किंचाळली. "संत प्रिस्को उपास मोडतोय?"

मला धरणारे हात सुटले. सगळी गर्दी मागच्या झुडपांकडे धावली. तिथे जुन्या भट्टीच्या तोंडाशी काल्लिस्तोचा भाऊ काळाठिक्कर होऊन बसला होता आणि कोळशावर सॉसेज भाजत होता. मी पोरीला उचलून मोकळ्या हवेत आणलं. ती ओकली, मग भोकाड पसरून रडली. तिचं ते रडणं ऐकून माझ्या जिवात जीव आला.

लोकांनी त्या भावाला बदड बदड बदडलं. कशासाठी? उपासात मांस खाल्लं म्हणून! पोरीच्या जिवाबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. बुवा तोवर पसार झाला होता.

संध्याकाळी कार्मोझिना धुराड्यावर तळवा ठेवून उभी होती. "डॉक्टर, रोज याच विटांवर हात शेकते मी. मग तिथं कसं नाही कळलं?"

मी पोरीची नाडी पाहिली आणि घरी निघालो. फार दमलो होतो. तुम्हाला सांगतो. श्रद्धा खुशाल ठेवा. पण लेकराला भिंतीशी निजवण्याआधी एकदा तिच्या मागे जाऊन बघा. वास येण्याची वाट बघू नका. दरवेळी लबाडाला भूक लागेलच असं नाही.