बर्फातले सात गोळे

आमच्या घरात गॅस पेटत नव्हता, तरी काहीतरी बनत होतं. आश्विन लागल्यापासून मला एवढं कळून चुकलं होतं.

माझ्या नातीचे, प्राप्तीचे आबा, म्हणजे आमचे हे, वैशाखात गेले. दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. माणूस गेलेल्या घरात वर्षभर कढई चढवायची नाही, गोडधोड करायचं नाही, आणि मागं राहिलेल्या बायकोनं गोड तोंडालाही लावायचं नाही, ही आमची रीत. दिवाळीचा फराळ येतो तो भावकीतून. बाराव्यालाच मी सुनेला, रुचिताला, बजावून सांगितलं होतं. ती "हो आई" म्हणाली. तिचं ते "हो आई" मला कधीच पटलं नाही. पनवेलची पोर, भांडत नाही, उलटून बोलत नाही; अशा माणसाच्या मनात काय चाललंय ते कळायचं कसं? मी भांडखोर आहे, पण माझ्या पोटात काही राहत नाही.

पहिल्यांदा करवंट्या दिसल्या. केळीच्या बुंध्यामागं चार करवंट्या पालथ्या टाकलेल्या, वर सुकी पानं ओढलेली. करवंटी लपवायचं कारण काय? मग तांदळाच्या पिंपात हात घातला तर ओट्सचं पाकीट हाताला लागलं. आबांची साखर वाढली तेव्हा डॉक्टरनं ते सांगितलं होतं. रोज सकाळी मी दुधात शिजवून पुढ्यात ठेवायची आणि ते तोंड वाकडं करून खायचे. खाणारा गेला, मग आता ओट्स कोणासाठी?

दुपारी मी जरा पडले की स्वयंपाकघराचं दार लागायचं. कान लावला तर ना लायटरचा आवाज, ना फोडणीचा वास. नुसती मायलेकींची कुजबुज. एकदा प्राप्ती बाहेर आली. सात वर्षांची पोर, आणि दात काळे.

"काय खाल्लंस गो?"

"सांगायचं न्हाय."

"कोन बोलला?"

पोरीनं तोंडावर हात ठेवला आणि पळाली.

मंगळवारी मी मिरच्या वाळत घालायला गच्चीवर गेले. पाण्याच्या टाकीमागं भर उन्हात एक पातेलं, त्यावर काचेचं झाकण. आत काळा, चकचकीत रस. उन्हात माणूस काय ठेवतो? पापड ठेवतो, सुकट ठेवतो. काळा रस कोण ठेवतं? बोट लावायची माझी हिंमत झाली नाही.

संध्याकाळी निकेतला सांगितलं. माझा मुलगा, अलिबागला झेरॉक्सचं दुकान आहे त्याचं. तो ताटावरून मान वर न करता म्हणाला, "आई, तुला कायपन दिसतं." बायको आली की मुलाचे डोळे जातात. माझे मात्र मी उघडे ठेवले.

शनिवारी रुचिता प्राप्तीला घेऊन रेवदंड्याला बाजाराला गेली आणि मी फ्रीजच्या वरच्या कप्प्याचं दार उघडलं. कोलंबीच्या पिशव्यांच्या खाली, बर्फात रुतलेला एक चपटा डबा, त्याला दोन रबरं. आत सात काळे गोळे, हातानं चपटे केलेले. प्रत्येकाच्या मधोमध खड्डा, आणि प्रत्येक खड्ड्यात एक तिरकी रेघ. सातही ठिकाणी अगदी तशीच.

काळी वस्तू, तीही सात, हळदकुंकू भरायला खड्डे केलेली आणि माझ्याच घरात दडवून ठेवलेली. साखरेचा आजार सोडला तर धडधाकट असलेला माणूस जेवून झोपतो आणि उठत नाही, याचं उत्तर मला पाच महिने कोणी दिलं नव्हतं. ते त्या डब्यात आहे असं मला वाटलं. करणी. आता निदान निकेत आणि पोर तरी हिच्या हातून वाचली पाहिजेत, एवढं एकच डोक्यात राहिलं.

असली वस्तू जाळायची नसते, वाहत्या पाण्यात सोडायची असते. ओहोटी नुकती लागली होती. डबा पिशवीत घालून मी खाडीवर गेले आणि बांधावरून एकेक करून सहा गोळे पाण्यात फेकले. पाणी ओढीचं होतं, बघता बघता घेऊन गेलं. सातवा ठेवला. निकेतला पुरावा लागतो, झेरॉक्सवाला आहे.

मी घरी पोचले तेव्हा सगळे ओटीवर होते. निकेत दुकान बंद करून आला होता, रुचिताच्या हातात अजून भाजीची पिशवी होती. मी डब्यातला गोळा काढून मुठीत धरला आणि ती मूठ तिच्या नाकापुढं नाचवली.

"ह्ये काय हाय? बोल, नवऱ्यासमोर बोल! त्यांच्यावर केलंस, आता कोनाची पाळी हाय?"

रुचिताचा चेहरा पांढरा पडला. मला वाटलं, सापडली.

"आई," ती म्हणाली, "बाकीचे सहा कुठं आहेत?"

"खाडीत. गेलं ओहोटीबरोबर दर्यात."

ती मटकन खाली बसली. पिशवीतले टोमॅटो ओटीभर घरंगळले.

"अगं, पण होतं काय त्यात?" निकेतनं विचारलं.

उत्तर प्राप्तीनं दिलं. "आबांची बिस्किटं! आजीनं आबांची बिस्किटं फेकली!" आणि तिनं भोकाड पसरलं.

मग रुचिता बोलली, लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच एवढं सलग. आबांना गोडावाचून राहवत नव्हतं आणि मी साखर कुलपात ठेवलेली. तिनं मोबाईलवर बघून ही बिस्किटं शोधली. ओट्स, ओलं खोबरं, कडू चॉकलेट आणि गोडीपुरता खजूर. भाजायला नको, तळायला नको, नुसतं कालवून थापायचं आणि फ्रीजमध्ये ठेवायचं. दिवसाला एक, जास्त नाही. पहिल्या दिवशी आबा नुसते बघत बसले. दुसऱ्या दिवसापासून सगळं स्वतःच करायला लागले, तिला हात लावू देईनात.

"मी चॉकलेट वितळवायला गॅस पेटवत होते," ती म्हणाली, "तर आबा म्हणाले, गॅस कशाला पेटवतंस, ठमी उठंल. वर ऊन हाय नं."

त्यांचं आयुष्य पेणच्या बाजूला मिठागरात गेलं. उन्हाकडून काम करून घ्यायची सवयच होती त्यांना. म्हणजे मी, त्यांची ठमी, खाली घोरत होते आणि वर टाकीमागं त्यांचं पातेलं तापत होतं. शेवटच्या वर्षात त्यांनी माझ्याकडं गोड मागायचं सोडलं होतं. मला वाटलं, माझं ऐकायला लागले. भावकीत मी मिरवलंसुद्धा.

"गोळा थापला की मधे अंगठा दाबायचे. म्हणायचे, ह्यो माझा शिक्का."

अंगठा. मिठागरात फळीखाली चिरडलेला, तिरका व्रण राहिलेला त्यांचा उजवा अंगठा. महिनाभर मीच त्याला हळद बांधली होती, मीच पट्ट्या बदलल्या होत्या. ती रेघ मला ओळखू येऊ नये?

"हे सात त्यांनी गेले त्याच्या आदल्या दिवशी केले होते. कोणाला खाववेना. वर्ष झालं की तुमच्या हातात द्यायचं ठरवलं होतं मी. तोवर तुम्हाला गोड चालत नाही ना."

"आन् गच्चीवर होतं ते?"

"प्राप्तीला दिवाळीला काहीतरी हवं होतं. कढई नाही चढवली आई, गॅससुद्धा नाही पेटवला. पण आबांसारखे होतच नाहीत." तिनं पदरानं नाक पुसलं. "करवंट्या लपवल्या, चुकलंच. तुम्ही ओरडाल म्हणून लपवल्या."

माझा हात अजून वरच होता.

"आजी, येक तरी हाय नं?" प्राप्ती हुंदके देत म्हणाली. "दाखव."

मी मूठ उघडली. रागाच्या भरात ती किती आवळली होती, ते मला कळलंच नव्हतं. खड्डा नव्हता. रेघ नव्हती. तळहातभर काळा चिखल, त्यात ओट्स आणि खोबऱ्याचा कीस, आणि तो बोटांमधून मनगटावर ओघळत होता. मला तिथंच मरून जावंसं वाटलं.

रुचिता ओलं फडकं आणायला उठली. मी मानेनंच नको म्हटलं. वर्ष पुरं व्हायला अजून सात महिने होते. मी सगळ्यांसमोर तळहात तोंडाला लावला.

फार गोड नव्हतंच ते. एवढंसं तर मीही दिलं असतं, त्यांनी मागितलं असतं तर.

मागितलं होतं त्यांनी. आधी रोज मागायचे.