माझ्या आधी पोचलेली नोटीस

मी एक जुना घण आहे. सध्या फ्रेस्नोच्या पोलिसांच्या गोदामात, लोखंडी मांडणीवर आडवा पडलो आहे. माझ्या दांड्याला दोऱ्याने चिठ्ठी बांधली आहे आणि तोंडावर तपकिरी डाग आहे. तो गंज नाही. मित्रांनो, मला पाहून तुम्ही दोन पावलं मागे सराल, ते साहजिक आहे. तरी माझी कहाणी ऐकून घ्या, कारण मला उचलणारा माणूस वाईट नव्हता.

माझा जन्मच मारहाणीत झाला. भट्टीत लालभडक तापवून मला माझ्याहून मोठ्या घणाखाली कुटलं आणि तसंच तेलात बुचकळलं. 'बिचारा' म्हणायला तिथे कोणी नव्हतं. हिकरीच्या चिवट लाकडाचा दांडा बसला आणि मी दुकानात आलो. तिथून मला एलिसेओ बारागानने उचललं.

एलिसेओ फरशीवाला. द्राक्षांच्या आणि बदामाच्या बागांमध्ये लोक घरं बांधत, त्यांची स्वयंपाकघरं, न्हाणीघरं, अंगणं तो सजवत असे. नवं बसवायचं तर जुनं उखडावं लागतं, आणि ते काम माझं. बिडाचे टब मी फोडले, भिंतीच्या भिंती आडव्या केल्या. "जनावर आहे, जनावर!" म्हणून एलिसेओ माझ्या पाठीवर थाप मारी. मी फुगून जात असे. फोडण्याची कला मला येते आणि त्याची मला लाज नाही.

घरी माझी जागा स्वयंपाकघराच्या दाराआड. माझ्या वर भिंतीवर ग्वादालूपेच्या मातेची, आमच्या मेक्सिकन लोकांच्या देवमातेची, तसबीर होती. त्या घरातली सगळी भांडणं मी तिथे उभ्या उभ्या ऐकली, आणि एकबर्गच्या घरावरून झालेलं भांडणही.

एकबर्ग हा बागायतदार. त्याचं नवं घर बांधण्याचं मुख्य कंत्राट रुफिनो झामुदिओकडे होतं आणि फरशीचं काम रुफिनोने एलिसेओला दिलं होतं. बारागानांच्या थोरलीच्या बाप्तिस्म्यात रुफिनो तिचा धर्मपिता झाला होता. तेव्हापासून हे दोघे एकमेकांना 'कोंपाद्रे' म्हणत. हे नातं आमच्याकडे सख्ख्या भावाहून वरचं. अंगणासाठी दगड मेक्सिकोहून आणायचा होता. त्यासाठी एलिसेओच्या बायकोने, ओफेलियाने, आईकडून आलेलं राहतं घर गहाण टाकलं.

"आता नोटीस धाड," ती म्हणाली. "काम सुरू केल्यापासून वीस दिवसांत. मालकाला, रुफिनोला आणि कर्ज देणाऱ्या बँकेला. उद्या रुफिनोने पैसे बुडवले तर एकबर्गच्या घरावर आपल्या पैशांचा बोजा चढवता येतो. नोटीस नाही तर बोजा नाही. मग बसा बोंबलत."

"कोंपाद्रेला नोटीस?" एलिसेओचा घास हातातच राहिला. "ज्याने आपली पोर देवळात हातावर घेतली त्याला? उद्या देवाकडे पावती मागशील!"

"देव कंत्राटं घेत नाही."

"अगं, माझ्या तोंडाला काळं फासशील. पोर्फिरिओचं काय झालं, माहीत आहे ना?"

ते मलाही माहीत होतं, मी तिथेच होतो. पोर्फिरिओ हा नळकाम करणारा. त्याने अशीच नोटीस धाडली, तर रुफिनोने सगळ्यांसमोर त्याची कॉलर धरली. "माझ्यावर कागद काढतोस?" म्हणत असा ठोसा हाणला की पोर्फिरिओचा दात ओल्या काँक्रीटमध्ये जाऊन पडला. तो अजून तिथेच आहे. सगळे हसले, आणि सगळ्यांत मोठ्याने एलिसेओ हसला. मात्र त्यानंतर रुफिनोकडून पोर्फिरिओच्या पैशांचा एकही हप्ता चुकला नाही, याकडे कोणी लक्ष दिलं नाही.

"पोर्फिरिओचा दात गेला," ओफेलिया म्हणाली, "आपलं घर जाईल."

"पुन्हा नोटिशीचं नाव काढलंस तर बघ!" एलिसेओने ताट भिंतीवर फेकलं. माझ्या पायाशी त्याच्या ठिकऱ्या झाल्या.

दुसऱ्या दिवशी माझा दांडा सैल झाल्यामुळे मी घरीच होतो. एलिसेओ कामावर गेल्यावर ओफेलियाने टेबल पुसलं, नोटिशीच्या तीन प्रती लिहिल्या आणि टपालात टाकून आली. काही दिवसांनी पोचपावतीची हिरवी कार्डं परत आली. रुफिनोच्या कचेरीतल्या मुलीने सही केली होती. असली पत्रं तो न उघडताच खणात कोंबतो, हे ओफेलियाला पक्कं ठाऊक होतं. तिने कार्डं तसबिरीमागे सरकवली. वेळ आली की सांगू, असं ती मातेला म्हणाली. मातेने आणि मी, दोघांनीही ऐकून घेतलं.

एलिसेओने ते अंगण जीव ओतून घातलं. एकेक दगड हाताने घासून बसवला, आणि मला तिकडे फिरकूही दिलं नाही. काम संपलं आणि रुफिनो सगळ्यांच्या हातावर तुरी देऊन पसार झाला. एका कामाचे पैसे दुसऱ्या कामाच्या खड्ड्यात टाकण्याची त्याची जुनी खोड होती, आता खड्डाच मोठा झाला. एकबर्ग म्हणाला, "मी रुफिनोला दिले. दोनदा कशाला देऊ?" यातलं अवाक्षरही एलिसेओने बायकोला सांगितलं नाही. सांगणार कुठल्या तोंडाने? दोघं एकाच टेबलावर जेवत होती आणि दोघांच्याही पोटात एकेक गोष्ट दडलेली होती. मला तर त्या शांततेपेक्षा फुटलेलं ताट बरं वाटत होतं.

मग एका शनिवारी दुपारी पोर्फिरिओचा फोन आला. रुफिनो एकबर्गच्या घरी आपलं सामान न्यायला आला आहे म्हणून. एलिसेओने दाराआड हात घातला आणि मला ओढलं.

"आज कुठलं काम?" ओफेलियाने विचारलं.

"फोडायचं."

रुफिनो आपल्या गाडीत परांचीचे पाईप भरत होता. एलिसेओला पाहून तो चक्क हसला. "या, कोंपाद्रे!"

"माझे पैसे."

"असते तर पळालो असतो का? मालकाकडे माग. पण तुझ्यापाशी आहे काय मागायला? तू मर्द गडी, तू काही कागद काढत नाहीस!"

एलिसेओने डोक्यात राख घालून घेतली. पहिल्या घावात गाडीची काच गेली, दुसऱ्यात दरवाजा आत बसला. रुफिनोने पाईप फिरवला तो एलिसेओच्या कानावर. कान फाटला, मानेवरून रक्ताचा ओघळ माझ्या दांड्यावर आला आणि मूठ निसरडी झाली. तरी त्याने मला आडवं फिरवलं. मित्रांनो, बीड कसं फुटतं ते मला माहीत होतं. माणसाचा गुडघा कसा फुटतो ते मला त्या दिवशी कळलं. रुफिनो गुरासारखा ओरडत जमिनीवर लोळला. हाच तो डाग.

तेवढ्याने एलिसेओ थांबला नाही. "माझे दगड! मी घातले, मीच फोडणार!" म्हणत तो अंगणात घुसला. घावामागून घाव. जे दगड त्याने पोरीच्या गालासारखे जपले, त्यांच्या कपच्या उडून त्याच्याच तोंडावर बसत होत्या. आपल्याच पायावर कुऱ्हाड मारून घेणं म्हणतात ना, त्या म्हणीत कुऱ्हाडीच्या जागी माझं नाव घाला.

एलिसेओने हत्यारांची बादली न घेता फक्त मला नेलं, हे ओफेलियाने दारातच पाहिलं होतं आणि पैसे बुडाल्याचं ओळखलं होतं. ती मागोमाग गाडी हाकत आली आणि हिरवी कार्डं हातात घेऊन थेट माझ्यासमोर उभी राहिली.

"फोडू नकोस! त्यावर आपला हक्क आहे! नोटीस गेली आहे रे, मी धाडली!"

मी त्याच्या डोक्यावर अधांतरी होतो. तो हळूहळू खाली आला, मीही आलो.

"कधी?"

"त्याच आठवड्यात. तुला चोरून."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तू ऐकलं असतंस?"

एलिसेओने रुफिनोकडे पाहिलं, फुटक्या अंगणाकडे पाहिलं. "आज सकाळी ऐकलं असतं," तो म्हणाला आणि कपच्यांतच बसून लहान मुलासारखा रडला. एकबर्गने बोलावलेले पोलीस आले तेव्हा तो बसलेलाच होता.

पुढचं मी कोर्टात ऐकलं. तिथे प्लास्टिकच्या पिशवीत घालून मला टेबलावर ठेवलं होतं. ओफेलियाने बोजा चढवला. फुटलेल्या दगडांचे पैसे कापून उरलेली रक्कम एकबर्गला ओफेलियाच्या हातावर ठेवावी लागली. घर गहाणातून सुटलं. रुफिनो काठी टेकत साक्षीला आला. एलिसेओला तुरुंगात नेलं, आणि जाताना त्याने माझ्याकडे पाहिलंही नाही. मला फार वाईट वाटलं.

मित्रांनो, हत्याराला तेल द्या, दांडा सैल होऊ देऊ नका, हे तर मी सांगणारच. पण त्याआधी एक ऐका. कामाला हात लावलात की नोटीस धाडा, आणि जो सगळ्यांत जवळचा आहे त्याला आधी धाडा. धाडलीत की घरात सांगा, ताटं फुटली तरी सांगा. माझ्या अंगात एवढं बळ, पण एक दमडी मी कधी वसूल केली नाही.

ती तसबीर, मागच्या हिरव्या कार्डांसकट, माझ्या डोक्यावरच होती. एलिसेओचा हात त्या दुपारी दाराआड आला, आणि खाली माझ्याकडे वळला. वर गेला असता तर मी आजही त्या दाराआड उभा असतो, आणि संध्याकाळी तो घरी आला असता.